एरिक कँडेल यांचे 'इन सर्च ऑफ मेमरी': विकत घेऊन, दोनदा वाचून

कर्वे रस्त्याच्या परिसरातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. चेतासंस्थेचा भाग आला की दरवर्षी एकच अडचण उभी राहते. विद्यार्थी चेतापेशीची आकृती सुबक काढतात आणि सोडियम-पोटॅशियमच्या आयनांची ये-जा क्रमवार लिहितात. पण आठवण म्हणजे शरीरात नेमके काय घडते आणि ती राहते कुठे, असे कुणी विचारले की पाठ्यपुस्तक दोन ओळींत विषय आटोपते. या एकाच प्रश्नाला ज्यांनी आपले सारे संशोधक आयुष्य वाहिले, त्या एरिक कँडेल यांचे 'इन सर्च ऑफ मेमरी' हे इंग्रजी पुस्तक मी गेल्या वर्षी विकत घेतले. पहिल्यांदा सलग वाचले आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचले. हे पुस्तक घ्यावे की नाही, असा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी, विशेषतः विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

प्रथम प्रतीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात माझे पैसे एकदा वाया गेले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मागवलेली पहिली प्रत चोरट्या छपाईची निघाली. कागद पातळ होता, मागच्या पानावरील मजकूर पुढे उमटत होता, आणि आकृत्यांमधील बाण व नावे इतकी पुसट होती की कोणत्या पेशीकडून कोणत्या पेशीकडे संदेश जातो, हे कळतच नव्हते. या पुस्तकात आकृत्या केवळ शोभेसाठी नाहीत, अर्धा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. त्यामुळे अशी प्रत निरुपयोगी ठरते. विक्रेत्याने ती परत घेतली नाही. मग अप्पा बळवंत चौकातील एका दुकानदारांना सांगून मूळ प्रत मागवली. तिला तीन आठवडे लागले आणि चौपट पैसे पडले, पण आकृत्या स्वच्छ आहेत आणि बांधणी वर्षभर हाताळूनही शाबूत आहे. प्रत हातात घेऊन पाहणे शक्य असेल तर मधल्या प्रकरणांतील एखादी चेतासंधीची, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाची, आकृती उघडावी आणि तिच्यावरील नावे वाचता येतात का, ते पाहून मगच पैसे द्यावेत.

पुस्तक 2006 मध्ये नॉर्टन या प्रकाशनसंस्थेने काढले. सहा भाग, तीस प्रकरणे, पाचशेच्या वर पाने, शेवटी पारिभाषिक शब्दांचा कोश आणि प्रकरणवार टिपा अशी त्याची रचना आहे. हे आत्मचरित्र आहे आणि स्मृतीच्या जीवशास्त्राचा इतिहासही आहे. दोन्ही धागे एकाच वेणीत घातलेले आहेत. काही ठिकाणी त्यामुळे वाचकाची ओढाताण होते, परंतु एकूण विचार करता हीच या पुस्तकाची खरी ताकद आहे.

कँडेल यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1929 रोजी व्हिएन्नामध्ये झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. नवव्या वाढदिवसाला मिळालेली निळी छोटी मोटार, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, 1938 च्या नोव्हेंबरातील त्या कुप्रसिद्ध रात्री दारावर पडलेली नाझी पोलिसांची थाप, या दोन आठवणी त्यांच्या मनात कायमच्या शेजारी बसल्या. घर सोडावे लागले. परत आल्यावर घरातील मौल्यवान वस्तू आणि खेळणी गेलेली होती. 1939 च्या एप्रिलमध्ये थोरल्या भावाबरोबर ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि आईवडील मागाहून आले. एखादा प्रसंग क्षणभर घडतो आणि जन्मभर पुसला जात नाही, तो का, हा प्रश्न त्यांना प्रयोगशाळेत सुचला नव्हता, तो बालपणातून आला होता, हे या प्रकरणातून आपोआप उमगते. लेखक त्याचे भांडवल करत नाहीत. दोन-चार ठिकाणी उल्लेख करून ते पुढे जातात, आणि म्हणूनच तो भाग मनाला लागतो.

हार्वर्डमध्ये ते इतिहास आणि साहित्य शिकले. पुढे मनोविश्लेषणाच्या ओढीने वैद्यकशास्त्राकडे वळले. मनोविश्लेषक होण्यापूर्वी मेंदूची थोडी ओळख करून घ्यावी म्हणून 1955 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात हॅरी ग्रंडफेस्ट यांच्याकडे गेले आणि फ्रॉइडने सांगितलेल्या मनाच्या तीन भागांचा मेंदूतील पत्ता शोधायचा आहे, असे त्यांना सांगितले. ग्रंडफेस्ट यांनी हसण्यावारी नेले नाही. मेंदू समजून घ्यायचा असेल तर एकेक पेशी पाहत जावे लागेल, एवढेच त्यांनी सुचवले. शिक्षक म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याचा भाबडा प्रश्न मोडीत न काढता त्याला कामाच्या वाटेवर आणून सोडणे किती अवघड असते, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुस्तकाचा गाभा मात्र पुढच्या निवडीत आहे, आणि मला वाटते की कँडेल यांच्या संपूर्ण कारकिर्दीचे मोलही तिच्यातच आहे. 1957 मध्ये विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी एका रुग्णाविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा काढून टाकल्यानंतर त्या माणसाला नवी आठवण टिकवून ठेवता येईनाशी झाली होती. स्मृतीचे दार कुठे आहे, हे यातून कळले. कँडेल त्याच वर्षी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दाखल झाले, आणि तेथे आल्डन स्पेन्सर यांच्यासह त्यांनी मांजराच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या आत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून त्यांचे विद्युतसंदेश नोंदवले. तरुण वयातील ते मोठे यश होते आणि वरिष्ठांनीही त्याचे कौतुक केले. पण हाती आलेले उत्तर निराशाजनक होते. या पेशी वागायला मज्जारज्जूतील प्रेरक, म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या, पेशींपेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या. म्हणजे स्मृतीचे रहस्य पेशीच्या स्वभावात दडलेले नसून पेशी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत आणि अनुभवाने त्या जोडणीत काय बदल होतो, यात असावे. हिप्पोकॅम्पसमध्ये कोट्यवधी जोडण्यांचे जाळे असल्यामुळे तेथे हे तपासणे त्या काळी शक्य नव्हते.

इथे त्यांनी जे केले ते करण्याचे धाडस फार थोडे संशोधक दाखवतात. यश मिळालेला विषय त्यांनी बाजूला ठेवला आणि प्रश्नाला साजेसा प्राणी शोधायला सुरुवात केली. शेवंडे, मधमाशा, माश्या, गोगलगायी, जंत अशा कितीतरी प्राण्यांचा त्यांनी विचार केला आणि अखेर अप्लिसिया नावाची समुद्रातील मोठी, बिनशंखाची म्हणावी अशी गोगलगाय निवडली. तिच्या चेतासंस्थेत सुमारे 20,000 पेशी असतात, त्या नऊ गुच्छांत विभागलेल्या असतात, आणि त्यांतील काही पेशी एक मिलिमीटरपर्यंत मोठ्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या असतात. एक पेशी ओळखावी, तिला नाव द्यावे आणि दुसऱ्या गोगलगायीत तीच पेशी पुन्हा शोधून काढावी, ही सोय इथे होती. त्या काळी या प्राण्याच्या चेतापेशींवर काम करणारे जगात दोनच संशोधक होते: पॅरिसमधील लाडिस्लाव टॉक आणि मार्सेय येथील अँजेलिक अर्वानिताकी. मानवी स्मृती समजून घेण्यासाठी गोगलगाय कशाला, असे अनेक मोठ्या शास्त्रज्ञांचे मत होते, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलूनही दाखवले. कँडेल 1962 मध्ये टॉक यांच्याकडे गेले. पुढे मनोविकार विभागाचे प्रमुखपद चालून आले असतानाही त्यांनी ते नाकारले आणि 1965 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात संशोधनाला वाहून घेतले. नवव्या प्रकरणापासून पंधराव्या प्रकरणापर्यंतचा हा भाग ज्याला संशोधन करायचे आहे अशा प्रत्येक तरुणाने वाचावा असा आहे. प्रश्न मोठा आणि प्राणी साधा, हे सूत्र ते कुठेही उपदेशाच्या सुरात सांगत नाहीत. एकामागून एक घेतलेल्या निर्णयांतून ते वाचकाच्या लक्षात येत जाते.

प्रयोग स्वतः अगदी सोपे आहेत. गोगलगायीच्या सायफनला, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला, हलका स्पर्श केला की ती आपला नाजूक कल्ला आत ओढून घेते. स्पर्श निरुपद्रवी आहे असे वारंवार दिसले की ती त्याला सरावते आणि कल्ला ओढणे कमी होते. उलट शेपटीला विजेचा सौम्य धक्का दिला की ती सावध होते आणि मग साध्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद देते. अर्व्हिंग कुपफरमन, व्हिन्सेंट कास्टेलुची, हॅरॉल्ड पिन्स्कर, टॉम कॅर्यू अशा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या प्रतिक्षिप्त क्रियेचे संपूर्ण मंडल पेशीन् पेशी मांडून काढले आणि दाखवून दिले की शिकण्याने पेशी बदलत नाही, मंडलाची रचनाही बदलत नाही. संवेदी पेशी आणि प्रेरक पेशी यांच्यामधील चेतासंधीचे बळ तेवढे कमी किंवा जास्त होते. जोडण्या जन्मतः ठरलेल्या असतात आणि त्यांचे बळ अनुभव ठरवतो. निसर्ग की संस्कार, हा वाद आपण अनेकदा निष्फळ घालत बसतो. इथे दोन्ही बाजूंना आपापली नेमकी जागा मिळालेली दिसते.

यांतील एका प्रयोगाने माझी शिकवण्याची पद्धतच बदलली, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. गोगलगायीला एका बैठकीत लागोपाठ चाळीस वेळा स्पर्श केला तर तिचे सरावणे जेमतेम एक दिवस टिकते. तेच स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत विभागले तर ते कित्येक आठवडे टिकते. मेहनत तितकीच असली तरी मधल्या विश्रांतीमुळे फळ निराळे मिळते. हे वाचताना मला लहानपणी तिन्हीसांजेला घरोघर ऐकू येणारी पर्वचा आठवली. दिवेलागण झाली की 'शुभंकरोति', मग पाढे, मग तिथी, वार, नक्षत्रे. रोज थोडे, रोज तेच, आणि मध्ये एका पूर्ण दिवसाचे अंतर. आजीने पावकी-निमकी एका रात्रीत पाठ करून घेतली नव्हती. त्या जुन्या पद्धतीमागे कुणी प्रयोग केलेला नसेल, पण तिने जे साधले ते याच नियमाला धरून होते, असे मला वाटते. तेव्हापासून मी एखादा अवघड भाग एका तासात संपवत नाही. चार तासांच्या सुरुवातीला दहा-दहा मिनिटे घेते.

सोळाव्या प्रकरणापासून पुस्तक पेशीच्या आत उतरते आणि वाचन अवघड होते. जेम्स श्वार्ट्झ या जैवरसायनतज्ज्ञाबरोबर कँडेल यांनी 1970 च्या दशकात शोध घेतला तो असा: शेपटीला धक्का बसला की काही मध्यस्थ पेशी संवेदी पेशीच्या टोकावर सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडतात. त्यामुळे पेशीत चक्रीय एएमपी हा छोटा रेणू वाढतो. तो प्रोटीन कायनेज ए या विकराला जागा करतो. हा विकर पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद पाडतो, विद्युतसंदेश अधिक काळ टिकतो, अधिक कॅल्शियम आत येते आणि संधीत ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला संदेश पोहोचवणारे रसायन, अधिक सोडले जाते. काही मिनिटे टिकणाऱ्या आठवणीची ही रासायनिक कथा आहे. सीमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत 1976 मध्ये वर्णिलेल्या, शिकू न शकणाऱ्या फळमाशीतील दोषही पुढे याच चक्रीय एएमपीशी निगडित निघाला. गोगलगाय आणि माशी या दोन दूरच्या जीवांत स्मृतीची यंत्रणा एकच निघावी, हा भाग वाचताना मला खरोखर थांबावे लागले. निसर्ग एकदा जमलेली यंत्रणा सहजासहजी टाकून देत नाही, हे उत्क्रांतीच्या तासाला आम्ही शिकवतोच. इथे ते स्मृतीसारख्या गोष्टीत दिसते.

दीर्घकालीन आठवणीसाठी मात्र नवी प्रथिने लागतात. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या एक संवेदी आणि एक प्रेरक पेशीवर सेरोटोनिन एकदा सोडले तर संधीचे बळ काही मिनिटे वाढते. पाच वेळा, अंतराने सोडले तर ते दिवसाहून अधिक काळ टिकते. वारंवार संदेश आला की कायनेज पेशीकेंद्रात शिरतो, क्रेब-1 हे नियामक प्रथिन जनुके सुरू करते, आणि त्याला अडवून धरणारे क्रेब-2 बाजूला होते. म्हणजे आठवण कायम करण्याला पेशीत जसा प्रवर्तक आहे तसा पहारेकरीही आहे. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली संवेदी पेशीची टोके मोजली तेव्हा अप्रशिक्षित गोगलगायीत ती सुमारे 1,300 होती. दीर्घकाळ सावध केलेल्या गोगलगायीत ती 2,700 च्या आसपास गेली आणि दीर्घकाळ सरावलेल्या गोगलगायीत सुमारे 850 पर्यंत उतरली. शिकल्याने मेंदूची शरीररचना बदलते, हे वाक्य आज सगळीकडे ऐकू येते. त्यामागे अशी एकेक टोक मोजण्याची चिकाटी आहे, हे या आकड्यांवरून कळते.

केल्सी मार्टिन यांनी एकाच संवेदी पेशीच्या दोन फांद्यांना दोन वेगळ्या प्रेरक पेशी जोडून दाखवले की जनुके पेशीकेंद्रात जागी झाली तरी वाढ फक्त सेरोटोनिन मिळालेल्या फांदीवरच होते. मग ती फांदी ओळखली कशी जाते? भारतीय वंशाचे संशोधक कौशिक सी यांनी कँडेल यांच्या प्रयोगशाळेत सीपीईबी या प्रथिनाचा जो अभ्यास केला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून याचे एक विलक्षण उत्तर पुढे आले. हे प्रथिन प्रायॉनसारखे, म्हणजे आपलाच आकार शेजारच्या प्रथिनांना देत जाणाऱ्या प्रथिनासारखे, स्वतःला टिकवून धरते आणि संधीवरील खूण पुसू देत नाही, अशी ती कल्पना आहे. एरवी मेंदूच्या घातक रोगांशी जोडला गेलेला गुणधर्म इथे आठवण राखण्याच्या कामी येतो. हा भाग पुस्तकात थोडक्यात आहे. तो अधिक विस्ताराने यायला हवा होता.

कँडेल यांचा प्रभाव किती, हे 2000 च्या नोबेल पारितोषिकावरून मोजणे अपुरे ठरेल. ते पारितोषिक त्यांना अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत मिळाले आणि त्याची हकिगत पुस्तकात आहेच. मला अधिक महत्त्वाची वाटते ती माणसांमधून पसरलेली गती. कोलंबियात त्यांनी रिचर्ड ॲक्सेल या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाला चेताविज्ञानाची गोडी लावली आणि बदल्यात त्यांच्याकडून जनुके वेगळी काढण्याची तंत्रे आपल्या प्रयोगशाळेत आणली. ॲक्सेल यांच्याकडे लिंडा बक आल्या त्या सुरुवातीला अप्लिसियाच्या जनुकांवर काम करण्यासाठी. पुढे या दोघांनी गंधग्राही जनुकांचा शोध लावला आणि 2004 चे नोबेल मिळवले. एका गोगलगायीच्या निवडीतून कुठल्या कुठे फांद्या गेल्या, हे अशा उदाहरणांत दिसते. श्वार्ट्झ यांच्यासमवेत 1981 मध्ये त्यांनी संपादित केलेला चेताविज्ञानाचा पाठ्यग्रंथ तर आज सहाव्या आवृत्तीत, 2021 सालच्या, वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दिसतो. पेशीपासून वर्तनापर्यंत एकाच सूत्रात विषय शिकवण्याची जी पद्धत आज स्वाभाविक वाटते, ती रूढ करण्यात त्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. आत्मवृत्तात त्याविषयी फारच थोडे आले आहे.

भारतीय वाचकाला इथे एक समांतर वाट आठवल्याशिवाय राहणार नाही. बेन्झर यांच्यासमवेत फळमाशीतील चेतादोषांवर काम करून परतलेले ओबैद सिद्दीकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह माशीच्या गंध आणि चवीच्या जनुकीय अभ्यासाचा पाया घातला आणि पुढे बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. कँडेल यांच्या पुस्तकात ही कथा येण्याचे कारण नाही. पण विद्यार्थ्यांना हे पुस्तक देताना मी सिद्दीकींची माहितीही सोबत देते. पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था पाहायला गेलेल्या मुलांना असे काम आपल्याकडेही झालेले आहे, हे माहीत असायला हवे.

लेखकाचा प्रामाणिकपणा हा या पुस्तकाचा मोठा गुण आहे. सहकाऱ्यांना श्रेय देताना ते नावे गाळत नाहीत. स्पेन्सर यांच्या अकाली मृत्यूविषयी लिहिताना त्यांची भाषा हळवी होते. पत्नी डेनिस या स्वतः नामवंत समाजशास्त्रज्ञ. युद्धकाळात फ्रान्समधील एका मठात लपून त्यांनी बालपणीचे काही दिवस काढले होते. एका रविवारी त्या तान्ह्या मुलाला घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या आणि तुम्ही फक्त स्वतःचा आणि कामाचा विचार करता, असे त्यांनी नवऱ्याला तोंडावर सुनावले, हा प्रसंग कँडेल लपवत नाहीत. मोठ्या कारकिर्दीचा भार घरातील दुसरे कुणी तरी उचलत असते, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या चरित्रांत क्वचितच इतक्या सरळपणे येते.

आता उणिवा. पाचव्या भागात, जिथे मनोविकार, उंदरांवरील प्रयोग आणि मनोविश्लेषण यांची चर्चा आहे, तिथे लेखनाची पकड सैल होते. आधीच्या प्रकरणांत एकेक पाऊल पुराव्याने टाकणारे लेखक इथे आशेच्या बळावर लांब उड्या घेतात. स्मरणशक्ती सुधारणाऱ्या गोळीचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. 1998 मध्ये त्यांनी वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासह मेमरी फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन केली, आणि वयोमानाने होणाऱ्या विस्मरणावर औषध हाती येईल असा विश्वास पुस्तकात व्यक्त झाला आहे. 2008 मध्ये रोश कंपनीने ती विकत घेतली आणि तशी गोळी बाजारात आली नाही. घरात विस्मरणाने ग्रासलेले वडीलधारे असतील आणि त्यांच्यासाठी काही उपाय मिळेल या आशेने कुणी हे पुस्तक घेणार असेल, तर त्यांनी ते त्या कारणासाठी घेऊ नये. यात उपचार नाही, यंत्रणेचे ज्ञान आहे.

दुसरी उणीव विरोधी मतांची. गोगलगायीतील प्रतिक्षिप्त क्रियेवरून मानवी स्मृतीबद्दल किती बोलता येईल, हा आक्षेप ते नोंदवतात, पण आक्षेप घेणाऱ्यांना पुरेशी जागा देत नाहीत. सगळी वाट एका दिशेने, यशाकडेच जात असल्यासारखी वाटते. विषयही तिथे थांबलेला नाही. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटाने प्रशिक्षित अप्लिसियातील आरएनए अप्रशिक्षित अप्लिसियात टोचून तिच्यात तशीच सावधता निर्माण झाल्याचे नोंदवले, आणि आठवण खरोखर चेतासंधीतच साठते का, हा प्रश्न नव्याने उभा केला. वाद अजून चालू आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हे नसणार, हे उघड आहे. पण वाचकाने ते लक्षात ठेवून वाचावे. जाणिवेवरील प्रकरण मला त्रोटक वाटले आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

एकोणतिसावे प्रकरण मात्र चुकवू नये. नोबेल जाहीर झाल्यावर ऑस्ट्रियातील लोक त्याला ऑस्ट्रियाचे पारितोषिक म्हणू लागले, तेव्हा कँडेल यांनी ते ऑस्ट्रियाचे नसून एका अमेरिकी ज्यूचे असल्याचे ठामपणे सांगितले. ऑस्ट्रियाच्या अध्यक्षांनी काय केले म्हणजे झाल्या गोष्टीची काही भरपाई होईल असे विचारले, तेव्हा त्यांनी नाझी काळाला ऑस्ट्रियाने दिलेल्या प्रतिसादावर परिषद घ्यायला सांगितले आणि ती 2003 मध्ये व्हिएन्नात झाली. विद्यापीठासमोरील रस्त्याला एका ज्यूद्वेष्ट्या महापौराचे नाव होते, त्यालाही ते हरकत घेत राहिले. पुस्तक निघाल्यानंतर सहा वर्षांनी, 2012 मध्ये, ते नाव बदलले गेले. व्यक्तीची स्मृती पेशीत शोधणारा माणूस उतारवयात समाजाच्या स्मृतीसाठी भांडतो, हे वाचून माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

भाषेविषयी सांगायचे तर इंग्रजी सरळ आहे, परंतु बारावीपर्यंतचे जीवशास्त्र झाले नसेल तर सोळा ते एकोणीस ही प्रकरणे जड जातील. शेवटचा शब्दकोश मदत करतो, पुरेसा पडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी सुमारे साठ शब्दांची मराठी यादी तयार करून प्रतीत ठेवली आहे आणि तिचा चांगला उपयोग होतो. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षापासून पुढच्या विद्यार्थ्यांना, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांना आणि शिक्षकांना मी हे पुस्तक निःशंकपणे विकत घ्यायला सांगेन. इतर वाचकांनी आधी ग्रंथालयातून आणून पहिली चार आणि नववे ते पंधरावे प्रकरण वाचावे आणि रुची टिकली तरच खरेदी करावी.

विभागाच्या कपाटात ठेवलेली माझी प्रत या वर्षी आतापर्यंत अकरा जणांनी नेली. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ती परत करताना क्रेब-2 असलेल्या पानावर कागदाची खूण ठेवली होती आणि विचारले की, पहारेकरी काढून टाकला तर सगळेच लक्षात राहील का, आणि तसे झाले तर ते बरे होईल का. उत्तर शोधण्यासाठी आम्ही दोघींनी अठरावे आणि एकोणिसावे प्रकरण पुन्हा काढले आहे. त्यासाठी बुधवारचा शेवटचा तास ठरवला आहे.